नाण्यावर मांड ठोकून

"कुणाचा विश्वास बसायचा नाही," बबनच्या सलूनमध्ये गालाला फेस लावून बसलेले रखमाजीआबा म्हणाले, "पण माझ्या लेकानं कॅनडातून ती क्रिप्टो का काय ती नाणी धाडली, तर त्यानं बटण दाबायच्या आधीच ती इथं माझ्या खिशात खुळखुळली!"

बाकावरची पोरं फिदीफिदी हसली. आबांना चेव आला. "मी हयातभर मनीऑर्डरी वाटल्या. बाळंतपणाला धाडलेले पैसे बारशालाही पोचायचे नाहीत. बँकवाले तर अजून घोळ घालतात."

"मग लेकालाच बसवा की त्या नाण्यावर!" एकानं टोमणा मारला.

आबा क्षणभर आरशात बघत राहिले. म्हातारीच्या सरणाचे पैसे खरोखरच चुटकीसरशी आले होते.

"बसला होताच की! त्याची आई गेली, तेव्हा नाण्यावर मांड ठोकूनच निघाला. सरण रचून होईस्तोवर स्मशानात हजर. तिला अग्नी त्यानंच दिला."

वस्तरा थांबला. आबांच्या गळ्याभोवतीचा टॉवेल नीट करत बबन हळूच म्हणाला, "आबा, अग्नी देणाऱ्याचे केस त्या दिवशी मीच उतरवले होते. ते तुमचे होते."