बुवांचा हार

एरवी मी कीर्तनात शेजाऱ्याशी चकार शब्द बोलत नाही. पण परवा आर्णीच्या देवळात बुवा बसक्या आवाजात भीम-जरासंधाचं मल्लयुद्ध रंगवत होते. हे आपलं शेवटचं कीर्तन, असं त्यांनी आधीच सांगितलेलं. आणि मागे बसून मी अन् शेजारचा नागोराव बॉक्सिंगमधल्या ऐन भरातल्या अलीला ऐन भरातल्या टायसनशी तोंडी लढवत होतो.

"टायसन दुसऱ्याच राउंडमंधी लोयवते त्याले," नागोराव कुजबुजला.

"काहून? अली हाती तर लागाले पाह्यजे," मी मुठी वळून म्हणालो.

आरती झाली आणि बुवा थेट माझ्याकडेच आले. आता खरडपट्टी निघणार, म्हणून मी मान खाली घातली. त्यांनी आपल्या गळ्यातला हार काढून माझ्या गळ्यात घातला.

 

"तुमच्या वळलेल्या मुठी पाहिल्या, माउली, अन् वाटलं, आपला भीम पोचते अजून लोकायपर्यंत. पुढच्या वर्षी येतो मी. तुम्ही पुढं बसजा."