सुयांचा रोलर

ओश शहरातल्या जिपाराच्या गालावर लहानपणी समोवारमधल्या उकळत्या पाण्याने भाजल्याचा काळपट व्रण होता. होणारी सासू उद्या तिथल्या रीतीप्रमाणे जिपाराच्या कानात डूल घालून लग्न पक्कं करायला येणार होती. म्हणून जिपारा सकाळपासून डाग पुसट करायचा बारीक सुयांचा रोलर व्रणावर करकर फिरवत बसली होती.

"ताई, बास कर! गालाची चाळण करशील," धाकटी बुरुल म्हणाली.

"सासूने तोंड फिरवलं तर तू निस्तरशील का गं?" असं म्हणत जिपाराने रोलर खाली ठेवला.

करकर थांबली नाही.

बुरुलने भीतभीत तिच्या गालाला कान लावला आणि दचकून मागे सरली. "ताई, आवाज आतून येतोय."

जिपाराने घाईघाईने व्रणावर तळहात दाबला. गालाच्या आतून आलेल्या सुया तळव्याला टोचत टोचत सावकाश डोळ्याकडे सरकू लागल्या.