दुखणं कुणाचं

जिना चढताना मंदाकिनीबाईंचा जबडा दुखायचा, धाप लागायची. "गॅस झालाय, ओवा खा," असं त्यांचे यजमान दिनकरराव वर्षभर सांगत होते. पण त्यांच्या स्वतःच्या छातीत एकदा कळ आली, आणि दुसऱ्याच दिवशी दोघं सांगलीच्या इस्पितळात हजर झाली.

दिनकररावांना हृदयाचं सीटी स्कॅन लिहून देताना डॉक्टरीणबाईंचं लक्ष सोबत आलेल्या मंदाकिनीबाईंकडे गेलं. "तुम्हाला एवढी धाप का लागलीय?" त्यांनी विचारलं, आणि सगळं ऐकून घेऊन दोघांचंही स्कॅन करायला लावलं.

दिनकररावांच्या रक्तवाहिन्या स्वच्छ निघाल्या. मंदाकिनीबाईंच्या दोन जवळजवळ बंद होत्या.

"रिपोर्टची अदलाबदल झाली असेल," दिनकरराव म्हणाले. "बायकांचं मशीनला नीट कळतं का?"

"मशीनला कळतं, काका," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "वेळ माणसांना लागतो."

मंदाकिनीबाईंना खरं तर भीती वाटायला हवी होती. पण आपलं दुखणं खरं ठरलं, याचंच त्यांना हायसं वाटलं.

"ऑपरेशन करावं लागलं, तर घरचं कोण बघणार?" दिनकररावांनी हळूच विचारलं.

"ज्याचं हृदय ठणठणीत आहे, तो," मंदाकिनीबाई म्हणाल्या.