अण्णांची मूठ

पडद्यावर शकूआजींच्या लग्नातला अंतरपाट दूर झाला, मंडपातले सगळे हात वर गेले आणि आजींनी मान फिरवली. "बंद कर गं. आमचं लग्न माझ्या वडिलांना, अण्णांना, पसंत नव्हतं. ते आले, मागे उभे राहिले, पण अक्षता काही टाकल्या नाहीत, असं ऐकून होते. आज डोळ्यांनी पाहिलं."

बुरशी चढलेलं ते जुनं रीळ रेवतीने महिनाभर खपून स्वच्छ केलं होतं. तिच्या संगणकातले आठ प्रोसेसर चित्राच्या आठ पट्ट्या वाटून घेत आणि एकाच वेळी साफ करत. जो ठिपका रिळाच्या एकाच चौकटीत दिसे, पुढच्या-मागच्या चौकटींत त्या जागी नसे, तो कचरा समजून पुसून टाकत.

तिने दृश्य मागे नेलं. अण्णांची उघडलेली मूठ रिकामी होती. शेजारच्या माणसाचीही रिकामी. अख्ख्या मंडपात एक दाणा उडत नव्हता!

"अहो आजी, अक्षता सगळ्यांनीच टाकल्यात! माझ्या यंत्राने त्या धूळ समजून पुसल्या."

तिने तेवढ्या दृश्याची सफाई रद्द केली. ओरखडे परतले, बुरशी परतली आणि अण्णांच्या मुठीतून दाणे उसळून बाहेर पडले.

"माझ्यापर्यंत पोचले का गं?" आजींनी खुर्ची पुढे ओढत विचारलं.

रेवती एकेक चौकट पुढे नेत राहिली. बरेचसे दाणे वाटेतच पडले. एक तेवढा नवरीच्या मुंडावळ्यांत अडकला, आणि रीळ संपेपर्यंत तिथून हलला नाही.