खिळ्यांचे टायर

“टायर खिळेवालेच दे, बर्फाला पकडून धरणारे,” नॉर्मां काउंटरवर कोपर टेकून म्हणाला. “चारही. पोरीला वाढदिवसाची भेट आहे, त्यात काटकसर नको.”

“पप्पा, वाढदिवस फेब्रुवारीत आहे,” जोसियान म्हणाली.

“तोवर तू दरीत गेलीस म्हणजे? मग केक कोण कापणार?”

गॅरेजमध्ये हशा पिकला. पहिला बर्फ पडून गेला होता आणि क्वेबेक प्रांतातलं निम्मं शिकूतिमी गाव क्लेमांच्या गॅरेजात टायर बदलायला येऊन बसलं होतं. दरवर्षीचंच हे. डिसेंबर लागायच्या आत हिवाळी टायर चढवले नाहीत तर दंड बसतो, हे पोराटोरांनाही ठाऊक आहे, तरी बर्फ डोळ्यांनी दिसल्याशिवाय इथे कुणी हलत नाही.

जोसियानची निळी गाडी जॅकवर चढवलेली होती. दोनच सीटची, बुटकी, पोट जमिनीला टेकेल अशी. आजवर ती दर हिवाळ्यात ताडपत्रीखाली झोपायची आणि जोसियान बापाचा पिकअप चालवायची. यंदा मात्र तिला हीच गाडी हवी होती. पिकअपला कुत्र्याचा वास येतो, असं तिनं कारण दिलं होतं. कुत्रा मरून बरीच वर्षं झाली होती.

खरं कारण टोरांटोत होतं, शेजारच्या ओंटारियो प्रांतात. तिथली नोकरी तिनं पक्की केली होती, डिसेंबरात हीच गाडी घेऊन हजर व्हायचं होतं आणि बापाला सांगायला अजून तोंड उघडत नव्हतं. घरात दोघंच. रोज जेवताना आज सांगूच असं ती ठरवायची, आणि रोज तो न विचारता तिच्या ताटात आणखी वाढायचा.

“मागच्या चाकांच्या जोरावर चालते ही, बर्फात नाचणार,” क्लेमां म्हणाला. “आधी रिम एक इंच लहान घ्या. हे रुंद टायर बर्फावर तरंगतात, अरुंद टायर कापत जातो. गाडी जरा म्हातारी दिसेल, एवढंच.”

“दिसू दे. घरात एक आहेच,” नॉर्मां म्हणाला.

“खिळे नसले तरी चालतील ना?” जोसियाननं शक्य तितक्या सहज विचारलं. “हल्ली रबरच चांगलं असतं.”

“रबर!” रांगेतल्या सिमारबाई मध्येच बोलल्या. “माझा जावईसुद्धा रबर रबर करत होता. क्वेबेक शहरातून येताना पार्कच्या जंगलातल्या घाटात अशी गिरकी खाल्ली, की आमच्याकडे यायला निघालेला तोंड परत क्वेबेककडे करून उभा!”

“मुद्दाम खाल्ली असेल,” नॉर्मां म्हणाला. “सासूकडे यायचं होतं ना.”

पुन्हा हशा. सगळी तिच्या भल्याचंच बोलत होती. जोसियानला कोट अंगातून ओरबाडून काढावासा वाटला.

“एक आहे,” क्लेमां म्हणाला. “खिळे एकदा ठोकले की टायर मी परत घेत नाही. आणि ते घेऊन ओंटारियोत जायचं नाही. तिथे पार वर उत्तरेकडे चालतात, बाकी सगळीकडे बंदी. पोलीस धरतात.”

“धरू देत की. टोरांटोला कोण चाललंय?” नॉर्मां म्हणाला.

टोरांटोचं नाव क्लेमांनं काढलंच नव्हतं.

नॉर्मांच्याही ते लक्षात आलं. तो लगबगीनं कोपऱ्यातल्या कॉफीच्या यंत्राकडे वळला. जोसियान त्याच्या मागोमाग गेली.

“पप्पा, कुणी सांगितलं तुला?”

“कुणी कशाला सांगायला हवं? तळघरात बसून फोनवर बोलतेस, हीटरच्या नळीतून सगळं वर येतं.” त्यानं पेला यंत्राखाली धरला. “मला मेल्याला फ्रेंचपलीकडे इंग्रजी कुठलं कळायला? पण टोरांटोला इंग्रजीतही टोरांटोच म्हणतात.”

“मी सांगणारच होते रे.”

“हो ना. सांगितलंच असतंस.”

त्यानं आरडाओरडा केला असता तर बरं झालं असतं. भांडायची सगळी तयारी तिच्याकडे होती, एकेक वाक्य घोकलेलं होतं. पण त्यानं तिच्या कॉफीत दूध घातलं, साखर घातली, काडीनं ढवळून पेला तिच्या हातात दिला आणि म्हणाला, “सांभाळ, भाजेल.”

“अहो, काय ठरलं?” क्लेमांनं तिकडून हाक मारली. “खिळे की बिनखिळे? माझी रांग दारापर्यंत गेलीय.”

“गाडी तिची आहे,” नॉर्मां म्हणाला. “तीच सांगेल.”

आणि तो नुसता उभा राहिला, तिच्याकडे न बघता, टोपी हातात घेऊन. ती डॉक्टरच्या दारात धरतात तशी. बिनखिळ्यांचे एवढं म्हटलं की झालं असतं. त्यानं मान डोलावली असती, वर क्लेमांशी घासाघीसही केली असती, आणि संध्याकाळी ताडपत्रीची घडी घालून ठेवली असती. हे सगळं तिला इतकं स्वच्छ दिसलं की तिला त्याचा रागच आला. ओरड ना एकदा, असं तिला त्याच्यावरच ओरडावंसं वाटलं.

“खिळे,” जोसियान म्हणाली.

“शाब्बास!” सिमारबाई म्हणाल्या.

क्लेमांनं खिळे मारायची बंदूक उचलली आणि नव्या कोऱ्या रबरात एकेक खिळा मारत सुटला. जोसियान शेवटपर्यंत तिथे थांबली नाही. ती जाऊन काचेपाशी उभी राहिली. कॉफी तिनं प्यायली नाही, टाकलीही नाही.

गाडी जॅकवरून उतरली. जोसियाननं ती मागे घेतली तशी कोरड्या सिमेंटवर चारही चाकं कटकट कटकट वाजू लागली. नॉर्मां शेजारून चालत होता. त्यानं हात करून तिला काच खाली घ्यायला लावली.

“ऐकलंस?” तो म्हणाला. त्याचा चेहरा उजळला होता. “आता तू आलीस-गेलीस, मला आत बसल्या बसल्या कळेल.”