गालातले अंडे

"रेणू, तोंड उघड बघू."

चार वर्षांच्या रेणूने नकारार्थी मान हलवली. उकडलेल्या अंड्याचा तुकडा तिने गालात तसाच धरून ठेवला होता.

"गिळ की गं बाई! सलग तिसऱ्या महिन्यात तुझं वजन उतरलंय," अंगणवाडीच्या ताई काकुळतीला आल्या.

रेणूने तुकडा अलगद ओंजळीत काढला. "बाबांना नेते. ते कामाला जातात ना."

दुपारी ताई तिच्या घरी गेल्या. वजनाचा घसरता तक्ता आईपुढे धरून त्यांनी विचारले, "एवढ्याशा पोरीला हे कुणी शिकवलं?"

"देवाशपथ, मी न्हाई शिकवलं, ताई," आईचे डोळे भरून आले. "मी तर तिच्यासमोर कधी जेवतसुद्धा न्हाई. सगळ्यांचं झालं, की उरलंसुरलं चुलीपाशी खाते."