शेवटची ओळ

विनिताने कोन गावातल्या घरी सासूबाईंच्या खोलीत लाकडी फरशी घालायला काढली आणि तिथेच सगळं फसलं. कृष्णाबाई अंथरुणाला खिळलेल्या, त्यांना हलवणार कोण? म्हणून पनवेलचा निकेश मिस्त्री दारापासून पलंगाकडे फळ्या बसवत निघाला. पलंगाखालचं शेवटी बघू, असं ठरलं.

पहिल्या दिवशी पलंगापुढे एका ओळीची जागा उरली. "माप चुकलं, वहिनी. उद्या आणतो," निकेश हसत म्हणाला.

दुसऱ्या दिवशी ती ओळ बसली आणि पलंगापुढे पुन्हा तेवढीच जागा उरली. तिसऱ्या दिवशीही तेच. चौथ्या दिवशी त्याने खोलीच मापली. बाहेरून भिंत बारा फूट भरली. आत मात्र त्याची टेप पलंगापर्यंत पोचेना. "आमच्याच्यानं नाय होणार, वहिनी," एवढंच तो बोलला आणि चपला, रबरी हातोडी दारातच टाकून भर दुपारी चालता झाला.

सासूबाईंच्या जेवणाची वेळ टळून गेली होती. विनिता ताट घेऊन खोलीत शिरली आणि चालत राहिली. भात निवला, हात भरून आले, पण पलंग काही जवळ येईना.

तेवढ्यात मागे, दारापाशी, हातोडीचे ठोके पडू लागले.

"बाय, मिस्त्री परत आला काय गं?" कृष्णाबाईंचा क्षीण आवाज लांबून आला.

विनिताने वळून पाहिलं. दारात कोणीच नव्हतं. एकेका ठोक्यासरशी दार मात्र एकेक ओळ लांब जात होतं.